टीचरचा ईमेल आला की आधी आजीला फोन लावा

न्यू जर्सीच्या एका आईनं विचारलंय, मुलगा किंडरगार्टनला आहे आणि टीचरचा ईमेल आलाय की तो सगळ्यांना मिठ्या मारतो, पापे घेतो, समोरचं मूल मागे सरकलं तरी सोडत नाही. आता ह्याचं काही रेकॉर्ड होणार का म्हणून बाईंची झोप उडालीय.

अहो, आधी झोपा. टीचरला दोन ओळींचं उत्तर टाका आणि विचारा की वर्गात तुम्ही नेमके कुठले शब्द वापरता, म्हणजे घरीही तेच वापरता येतील. ह्या वयाचं पोर ओरडून नाही, खेळून शिकतं. रोज संध्याकाळी "मिठी मारू का?" असं तुम्हीच त्याला विचारा, तो नको म्हणाला की खरंच थांबा आणि मग त्याची पाळी, तुम्ही मधूनच नको म्हणायचं.

पण खरी गोची इथे बडोद्यात आहे. डिसेंबरात लग्नांना येता ना तुम्ही, तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी दरवर्षी बघते, पोराला ह्या मांडीवरून त्या मांडीवर, गाल ओढून लाल, "एक पापा दे ने, कॅडबरी देते", पोर मान फिरवतं आणि आईच म्हणते, असं करू नये, मावशीला वाईट वाटेल. मग तेच पोर शाळेत जाऊन तेच करतं, त्यात त्याची काय चूक? नमस्कार करेल, टाळी देईल, बास. आजीला हे तुम्ही आधीच फोनवर सांगून ठेवा, ऐन वेळी चार लोकांत सांगितलंत तर ती रुसणारच (आणि रुसू दे, दोन दिवसात विसरते).

चड्डीच्या आतलं आपलं, तिथे कोणी हात लावायचा नाही, डॉक्टरसुद्धा आई किंवा बाबा बरोबर असतानाच, हे आंघोळ घालताना सहज बोलता येतं. इंग्लंडात एनएसपीसीसी ही संस्था मुलांना हेच शिकवते, पँट्स रूल म्हणून. अवयवांची खरी नावं सांगा, नुसतं शू-शू वगैरे ठेवलं तर टीचरला कळणार कसं मूल काय सांगतंय ते. शाळेत बाथरूमचं दार लावणं, स्वतःचं स्वतः धुणं-पुसणं, पॅन्ट पूर्ण खाली न सोडता शू करणं ह्याची घरी प्रॅक्टिस हवी, आपल्याकडे आई मागे उभी असते त्यामुळे हे राहूनच जातं.

आणि ते "घरातलं बाहेर सांगायचं नाही" कृपा करून बंद करा. अमेरिकेत मुलाबाबत काही वावगं घडतंय असा शिक्षकाला रास्त संशय आला तर कळवणं त्याला कायद्यानं बंधनकारक आहे, त्यालाच घाबरून बरेच जण मुलाचं तोंड बंद करतात. पण उद्या बसमध्ये कोणी त्रास दिला तर ते पोर सांगणार कोणाला? बर्थडेचं सरप्राईज लपवलं तर चालतं, कारण ते नंतर सगळ्यांना कळतं. जे कोणालाच सांगू नकोस असं कोणी म्हणालं ते त्याच दिवशी आईला सांगायचं, मग म्हणणारा काका असो की मामा.