उपदेशाची तयारी करताना समासातील संदर्भ कसे आणि किती वापरावेत?

पवित्र शास्त्राच्या समासात, म्हणजे पानाच्या कडेला, छापलेले इतर वचनांचे संदर्भ उपदेशासाठी कसे वापरावेत आणि एका उपदेशात ते किती घ्यावेत, असे तुम्ही विचारले आहे. यातील ‘किती’ या शब्दाशी माझा जुना वाद आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

मी मत्तय 9:9-13 या भागावर उपदेश केला होता. प्रभू येशू जकातदार आणि पापी लोक यांच्या पंगतीला बसतो, परूशी (नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहूदी पंथाचे लोक) नावे ठेवतात, आणि तो त्यांना ‘मला दया पाहिजे, यज्ञ नको’ याचा अर्थ जाऊन शिकायला सांगतो. हा संदर्भ कोणा संपादकाने जोडलेला नसून खुद्द प्रभूने दिलेला आहे, म्हणून ते वचन जेथून घेतले आहे ते होशेय 6:6 एवढेच न पाहता मी तो अध्याय आरंभापासून वाचला. तेथे लोक परमेश्वराकडे परत जाऊ, तो आपल्याला बरे करील, असे म्हणतात; आणि देव उत्तर देतो की, तुमचे प्रेम सकाळच्या दहिवरासारखे उडून जाते. ‘बरे करील’ हे शब्द वाचल्यावर मत्तयातील वैद्याचे वचन (निरोग्यांना नव्हे, तर दुखणाइतांना वैद्याची गरज असते) मला नव्याने कळले. त्या एका संदर्भावरच माझा सगळा उपदेश उभा राहिला.

उपदेशानंतर एका ज्येष्ठ पाळकांनी मला बाजूला घेऊन सांगितले की, संदेशात शास्त्रवचने फार कमी होती. 1 शमुवेल 15:22, स्तोत्र 51:16-17, नीतिसूत्रे 21:3 आणि मीखा 6:8 एवढी तरी यायला हवी होती. त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण हे म्हणणे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे, असे शमुवेल संदेष्टा शौल राजाला बोलतो, कारण शौलाने देवाची आज्ञा मोडून अमालेक्यांची उत्तम गुरेमेंढरे राखून ठेवली होती. तेथे प्रश्न आज्ञापालनाचा आहे. ते वचन माझ्या उपदेशात आणले असते तर ऐकणारे आज्ञापालनाचा धडा घेऊन घरी गेले असते आणि पंगतीला बसलेला जकातदार विसरला गेला असता. वचने एकामागून एक वाचून दाखवणे म्हणजे उपदेश नव्हे.

तेव्हा आधी मूळ उताऱ्यातच उद्धृत केलेले वचन घ्या, मग तोच प्रसंग किंवा तोच विषय असलेला भाग पाहा, आणि केवळ शब्द जुळतो म्हणून दिलेले संदर्भ टिपणवहीतच राहू द्या. जो संदर्भ त्याच्या अध्यायासकट वाचायला तुम्हाला वेळ झाला नाही, तो व्यासपीठावर नेऊ नका.

अर्थात, रोमकरांस पत्र 3:10-18 मध्ये प्रेषित पौलानेही स्तोत्रे आणि यशया यांतील वचने ओळीने गुंफली आहेत, आणि एखादा सिद्धांत शिकवताना तसे करावेच लागते. शिवाय समासातील निवड आवृत्तीनुसार बदलते, कारण ती संपादकांची असते. मात्र पौलाची ती सगळी वचने एकाच मुद्द्याकडे जातात: कोणीही नीतिमान नाही. त्या पाळकांनी सुचवलेली चार वचने मत्तयाच्या पंगतीकडे कशी जातात, हे त्यांनी मला अजून दाखवलेले नाही.