दारू न पिणाऱ्यांनी पबमध्ये जावं का?

प्रश्न : मुलगा बर्मिंगहॅमला असतो. मे महिन्यात आम्ही दोघं त्याच्याकडे जातोय. ब्रेटफर्टन गावातला ‘द फ्लीस इन’ हा जुना पब दाखवीन म्हणतो. आम्ही दारूला शिवत नाही, शाकाहारी आहोत, यांचे गुडघे दुखतात आणि बरोबर सहा वर्षांचा नातू. तिथं अवघडल्यासारखं नाही ना होणार?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, खुशाल जा. त्या भागात मी नऊ वर्षं राहिले. सफरचंदाचा रस नाहीतर चहा घेऊन पबमध्ये कितीतरी दुपारी काढल्या. ‘तुम्ही घेत का नाही?’ असं एकदाही कुणी विचारलं नाही.

फ्लीस मुळात पंधराव्या शतकातलं शेतकऱ्याचं घर. त्याच घराण्यानं १८४८ साली तिथं पब सुरू केला. शेवटच्या वारस लोला टॅप्लिन. त्यांनी वर्षानुवर्षं तो एकटीनं चालवला आणि १९७७ मध्ये जाताना नॅशनल ट्रस्टच्या, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या, स्वाधीन केला. वेफर्सची पाकिटं इथं विकू नयेत, अशी त्यांची इच्छा होती. मला त्या बाईंबद्दल फार माया वाटते. २००४ साली शाकारलेल्या छपरानं पेट घेतला तेव्हा आतली जुनी चीजवस्तू लोकांनी बाहेर काढून वाचवली. पुढच्या वर्षी पब पुन्हा उघडला.

नातवाला आधी शेकोटीपाशी न्या. तिच्या पुढ्यातल्या फरशीवर पांढरी वर्तुळं काढलेली आहेत. धुराड्यातून चेटकीण घरात उतरू नये म्हणून ही रीत. मी वाकून पाहत होते, तेवढ्यात शेजारच्या आजोबांनी आपली खुर्ची मागे ओढून मला जागा करून दिली. आपण उंबरठ्यावर रांगोळी घालतो ती आठवली. मग कपाटातली कथिलाची ताटं बघा, नुकतीच कल्हई केल्यासारखी मंद चमकतात. इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाविरुद्ध लढणारा सेनापती क्रॉमवेल, त्यानं १६५१ च्या वूस्टरच्या लढाईला जाताना ती इथं ठेवली, असं सांगतात. सांगोवांगीच, पण ऐकायला गोड आहे.

आता सोयी. टेबलाशी कुणी ऑर्डर घ्यायला येईल म्हणून वाट पाहत बसू नका. काउंटरवर जाऊन सांगायचं आणि बहुधा तिथंच पैसे द्यायचे. दुपारचं जेवण गावाकडच्या पबांत बऱ्याचदा दोन-अडीचलाच आटोपतं, म्हणून साडेबारापर्यंत पोहोचा. चिप्स (तिकडे म्हणजे बटाट्याचे तळलेले जाड काप) मागवताना मासे त्याच तेलात तळतात का, हे विचारा. लाजू नका, सरळ उत्तर देतात. जिंजर बीअर हे बहुतेकदा साधं आल्याचं पेय असतं, पण दारूवालीही मिळते, तेव्हा खात्री करून घ्या. मूल मोठ्यांसोबत असलं तर अडचण नसते. मागे झाडांखाली बाकं आहेत, नातू तिथंच रमेल.

यजमानांच्या गुडघ्यांचं मात्र आधी फोन करून विचारा : स्वच्छतागृहापर्यंत पायऱ्या किती, आणि उंच पाठीची खुर्ची मिळेल का. जुन्या घरांत फरशी उंचसखल असते, तुळया डोक्याला लागतात. मुलगा उंच असेल तर त्यालाही सांगून ठेवा.

मे महिना अगदी नेमका निवडलात. हे गाव ज्यात येतं ते इव्हशॅमचं खोरं अस्परॅगससाठी नावाजलेलं, आणि त्याचा हंगाम साधारण २३ एप्रिल ते २१ जून. आपल्या शतावरीच्याच कुळातली भाजी ही. फ्लीसमध्ये तिच्या जुड्यांचा लिलावही होतो. कोवळे कोंब, वर नुसतं लोणी आणि मीठ. यजमानांना आवडेल.