वराडकरांची पहिली पाच वर्षं बघ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

डब्लिनमध्ये स्थानिक निवडणूक लढवायचा तुझा विचार वाचून फार आनंद झाला. सोबत लिओ वराडकरांचा २०१७ मधला, आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हाचा फोटो पाठवलास. वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, तेव्हा आपल्याला त्यांचं कौतुक असणारच. पण तुझ्या कामाचा तो फोटो नव्हे. तू १९९९ ते २००४ हा काळ बघ.

१९९९ मध्ये वीस वर्षांचा हा मुलगा ट्रिनिटी कॉलेजात डॉक्टरकी शिकत होता. फिना गेल पक्षातर्फे स्थानिक निवडणुकीत डब्लिनच्या मलहडार्ट भागातून उभा राहिला आणि पडला. तरी शिक्षण सोडलं नाही, पक्षही सोडला नाही. २००३ मध्ये पदवी हाती आली. त्याच वर्षी फिंगल काउंटी कौन्सिलची, म्हणजे त्या भागाच्या स्थानिक परिषदेची, एक जागा रिकामी झाली आणि पक्षाने तिथे त्यांना नेमलं. तिकडे अशा जागेसाठी पोटनिवडणूक होत नाही. ही संधी आयती होती, हे मान्य करायला हवं. पण पक्षाला नाव सुचावं इतका तो मुलगा डोळ्यांसमोर राहिला होता. पुढच्याच वर्षी स्थानिक निवडणुकीत कॅसलनॉक मतदारसंघातून पहिल्या पसंतीची ४,८९४ मतं पडली, त्या निवडणुकीत देशात सर्वाधिक! संसदेची पायरी त्यानंतर, २००७ मध्ये.

तिकडचं मतदान पसंतीक्रमाचं, आपल्याकडे पदवीधर मतदारसंघात असतं तसं: मतदार उमेदवारांना १, २, ३ असे क्रम देतो. म्हणून 'माझं मत दुसऱ्याला ठरलंय' असं कुणी म्हणालं, तर दारातून परत फिरू नकोस. त्यांची दुसरी, तिसरी पसंती माग. पहिल्या पसंतीत मागे पडलेली माणसं याच मतांवर निवडून येतात. विरोधी उमेदवाराबद्दल तोंड सांभाळून बोलायचं, तेही याचसाठी.

त्यांचं सगळंच उचलू नकोस. २००८ मध्ये मंदी आली, तेव्हा बेरोजगार परदेशी कामगारांना काही महिन्यांचा भत्ता देऊन मायदेशी पाठवता येईल का, असं त्यांनी विचारलं होतं. स्थलांतरित बापाच्या मुलाने असं विचारावं, हे मला आजही पटत नाही. तू ज्यांच्या दारात जाशील, त्यातली कितीतरी माणसं अशीच बाहेरून आलेली असतील.

आणखी एक. आयरिश नागरिकत्व नाही म्हणून थांबू नकोस. स्थानिक निवडणुकीत तिथल्या अठरा वर्षांवरच्या कुठल्याही रहिवाशाला मत देता येतं, उभंही राहता येतं. नागरिकत्व लागतं ते संसदेसाठी. मागची स्थानिक निवडणूक २०२४ मध्ये झाली, पुढची २०२९ मध्ये. म्हणजे हातात वेळ आहे. नोकरी सोडू नकोस. वराडकर नगरसेवक होते तेव्हा रुग्णालयातही काम करत होते. आधी मतदारयादीत नाव घाल आणि शेजारच्या मराठी, मल्याळी, पोलिश घरांनाही घालायला लाव. बहुतेकांना आपला हा हक्क माहीतच नसतो.

तुझा,
काका