कँटनीज बोलणाऱ्या सहकाऱ्याची आई इस्पितळात आहे. त्याला धीर द्यायला काय म्हणावं?

'जोउ यात होंग फुक' म्हणा, म्हणजे लवकर बऱ्या होवोत. नुसतं 'गा याउ', म्हणजे हिंमत ठेवा, हेही चालतं, ते हाँगकाँगमध्ये परीक्षेपासून आजारपणापर्यंत सगळीकडे म्हणतात. पण माझ्या मनात घर केलंय ते 'दाइ बोउ लाम ग्वो'नं. संकटावरून लांब ढांग टाकून पार व्हाल, असा त्याचा भाव.

2003 च्या वसंतात आम्ही हाँगकाँगच्या कौलून भागात होतो. सार्स या श्वसनाच्या आजाराची साथ चालू होती. आमोय गार्डन्स या वसाहतीतल्या ई ब्लॉकच्या लोकांना आधी घरातच अडकवून ठेवलं, मग दुसरीकडे हलवलं. शाळा बंद, रस्त्यावर जो तो मास्कमध्ये. त्यातच ह्यांना ताप भरला आणि इस्पितळात ठेवून घेतलं. भेटायची परवानगी नाही. पुढे साधा न्यूमोनिया निघाला, पण ते कळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

खालचे म्हातारे वॉचमन मी दिसले की उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, 'दाइ बोउ लाम ग्वो!' भाजीवाली म्हणायची, 'गाट यान तिन सोंग', भल्या माणसाला देव राखतो. ताप किती, रिपोर्ट काय, हे दोघांनी कधी विचारलं नाही.

आणि गावाहून जाऊबाईंचा फोन: 'काहीही होऊ शकतं, मनाची तयारी ठेव.' शुभ बोल नाऱ्या! असं कोणी वॉचमनकाकांसमोर बोललं असतं तर त्यांनी लगेच 'दाइ गाट लेइ सी' म्हणून ते अशुभ झटकलं असतं. जाऊबाई आजही म्हणतात की त्या लोकांचं सगळं तोंडदेखलं, खरं काय ते आपल्याच माणसानं बोलावं. मला हे साफ अमान्य आहे. त्या साथीत हाँगकाँगमध्ये 1755 जणांना लागण झाली, 299 गेले. वॉचमनकाका रोज टीव्हीवर ते आकडे बघत होते. सगळं माहीत असून ते चांगलं बोलत होते, आणि त्या बोलण्यावर मी रात्री काढल्या.

हो, एक राहिलं. कोणी गेलं असेल तर यातलं काहीही म्हणू नका. तिथे 'जित ओइ सन बिन' म्हणतात, दुःख आवरा, सावरा. उच्चार मी कानाला लागले तसे लिहिलेत, सूर चुकला तर अर्थ बदलतो, म्हणून आधी कोणाकडून तरी ऐकून घ्या. आईंना भेटायला गेलात तर चार फळं नेऊ नका, चारचा उच्चार मरणाच्या शब्दासारखा आहे. आणि डॉक्टर काय म्हणाले ते त्यानं सांगितलं तरच ऐका, आपणहून विचारू नका.