पांढऱ्या रंगातून डोकावणारे पिवळे डाग

स्वयंपाकघरातल्या कपाटांना पांढरा रंग दिला, तरी पिवळे डाग पुन्हा वर येतात, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या फोंड्याच्या घरातली ही कपाटं फणसाची असतील, तर आणखी दोन हात पांढरा रंग चढवून काहीच साधणार नाही. फणसाच्या लाकडातला पिवळा रंग पाण्यात उतरतो. पाण्यात कालवलेला प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, तो वर ओढतो आणि रंग सुकला की डाग हजर! सागवानाचं तेल आणि गाठींतला चीकही असाच छळतो. मी स्वतः एका दारावर चार हात मारून मग शहाणा झालो.

आधी स्वयंपाकघरातला तेलकटपणा धुण्याच्या सोड्याने काढा, साध्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. मग १२० नंबरचा पॉलिशपेपर. आता खरा उपाय: लाख. पॉलिशवाले मिस्त्री वापरतात तीच, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. स्पिरिट पटकन उडून जातं आणि मागे उरलेल्या लाखेच्या थराखाली लाकडाचा रंग तिथेच कोंडला जातो. मात्र मेण काढलेली लाख मागा, नाहीतर वरचा रंग नीट धरत नाही. दोन पातळ हात पुरे, गाठींवर तिसरा. लाख नको असेल तर ऑइल प्रायमर चालेल, पण तो वाळायला वेळ खातो.

आणि हो, हे काम चतुर्थीच्या घाईत काढू नका. दमट हवेत लाख दुधासारखी पांढुरकी पडते. दिवाळीनंतर, कोरड्या दुपारी, खिडक्या उघड्या आणि गॅस बंद, स्पिरिट भडकतं.

आधी एकाच दाराच्या आतल्या बाजूला करून बघा. दोन दिवस डाग आला नाही, तर बाकीच्यांना हात घाला.