वाचकांचे प्रश्न : मोठं नाणं की भारी नाणं?

प्रश्न : वडिलांनी टोरांटोत असताना १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकची १०० डॉलरची सोन्याची दोन नाणी घेतली. चित्र एकच, पण एक किंचित मोठं आहे. त्याची किंमत जास्त धरायची ना?

उत्तर : उलट. मोठं, २७ मिलिमीटरचं नाणं १४ कॅरटचं, वजन १३.३४ ग्रॅम. लहान २५ मिलिमीटरचं, पण २२ कॅरटचं आणि १६.९७ ग्रॅमचं. वजनाला शुद्धतेनं गुणा : १३.३४ गुणिले ०.५८३, म्हणजे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास शुद्ध सोनं. लहानात साडेपंधराच्या वर, म्हणजे दुप्पट. काटा हाताशी नसेल तर कडा बघा. मोठ्याच्या कडेलगत बारीक मण्यांची रांग आहे, लहानाची कड साधी.

शुद्ध ग्रॅमना त्या दिवसाच्या २४ कॅरटच्या भावानं गुणलं की मोडीची किंमत निघते. दोन्ही नाणी लाखोंनी पाडली गेली, त्यामुळे त्याहून फार वर कोणी जात नाही. लहान नाणं प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेलं आहे. आरशासारख्या पृष्ठभागावर बोटाचे ठसे उमटले की वरचे चार पैसेही गेले. पुसायला जाऊ नका.

प्रश्न : आजीच्या १९१८ च्या गिनीवर घोड्याखालच्या जमिनीवर बारीक ‘आय’ अक्षर आहे. सराफ कस लावून बघू म्हणतात. खरी निघाली तर भाचा अमेरिकेत लिलावात देईल. (सांगली)

उत्तर : दगडावर घासू देऊ नका. ओरखडा पडला की संग्राहक पाठ फिरवतो आणि उरतो मोडीचा भाव. (आपण गिनी म्हणतो ते खरं तर सॉव्हरिन.) ‘आय’ ही मुंबई टांकसाळीची खूण, पंचम जॉर्जच्या गिन्या तिथे फक्त १९१८ मध्ये पाडल्या.

वजन ७.९९ ग्रॅम भरायला हवं. मग ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. दोऱ्यानं बांधलेली गिनी तळाला न टेकवता पूर्ण बुडवा. ०.४५ च्या आसपास आकडा आला तर २२ कॅरट. त्याच वजनाची पितळेची चकती ०.९ च्या पुढे जाते. बुडबुडा चिकटला तर आकडा फुगतो, म्हणून आधी हलकेच हलवून घ्या.

ही परीक्षा सोन्याची झाली, टांकसाळीची नव्हे. लेबनॉनमध्ये खऱ्या सोन्याच्या बनावट गिन्या पुष्कळ झाल्या, त्या पाण्यात बरोबर उतरतात. भिंगातून घोडेस्वाराचा चेहरा आणि लगाम बघा. झीज नाही, तरी रेषा पुसट, हे लक्षण वाईट.

लिलावाचं विसरा. शंभर वर्षं उलटलेलं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. विकायची तर इथेच.

प्रश्न : मखमली पेटीत, प्रमाणपत्रासह ‘२४ कॅरट सोन्याचा मुलामा’ असलेलं स्मारक नाणं घ्यावं का?

उत्तर : २४ कॅरट मुलामा आहे, नाणं नव्हे. शुद्ध सोनं किती ग्रॅम, एवढंच विचारा. आकडा सांगता येत नसेल तर पैसे पेटीचे. दिवाणखान्यात ठेवायला घ्या, खुशाल.