काढा, मिरी आणि रिपोर्टवरचा ‘आर’

प्रश्न : ताई, सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत. लघवीला जळजळ, ताप, हे वरचेवर चालू असतं. या वेळच्या कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून बघतात ती तपासणी) ई. कोलाय हा जंतू निघाला आणि नॉरफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकपुढे ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, दाद न देणारा, असं आलं. चुलत जाऊबाई म्हणतात, गोळीबरोबर काळी मिरी आणि दारुहळदीचा काढा दिला की रेझिस्टन्स मोडतो, तसं संशोधन आहे. सासूबाई हृदयासाठी ॲस्पिरिन ७५ पण घेतात. काढा सुरू करू का? – एक वाचक, कराड

उत्तर : जाऊबाई अगदीच हवेत बोलत नाहीयेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दारुहळदीचा पिवळेपणा बर्बेरिनचा. ते जंतूला मारू शकतं, पण जंतू त्याला आत टिकू देत नाही. त्याच्या आवरणात पंप असतात, ते शिरलेलं औषध बाहेर फेकतात. तळघरात पाणी झिरपतंय आणि मोटर अखंड चालू आहे, तसं. दारुहळदीची काही भावंडं अमेरिकेत उगवतात. त्यांच्यात बर्बेरिनसोबत मिथॉक्सीहिड्नोकार्पिन नावाचा आणखी एक रेणू असतो. स्टर्मिट्झ आणि लुईस यांच्या गटाने २००० साली दाखवलं की हा रेणू स्वतः जंतूला मारत नाही, फक्त मोटर बंद पाडतो. मग बर्बेरिन आत साठतं आणि काम करतं. झाडाने ही जोडगोळी आपल्याच अंगात ठेवलेली पाहून मी अजूनही थक्क होते. मिरीतल्या पायपरिनचंही तसंच. जम्मूच्या संशोधकांनी २००६ साली सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकबरोबर पायपरिन घातलं, तेव्हा औषधाची कमी मात्रा पुरली.

आता गोम. हे दोन्ही प्रयोग स्टॅफिलोकॉकस ऑरियस या दुसऱ्याच जंतूवर झाले. सासूबाईंच्या बाटलीत ई. कोलाय आहे. त्याला बाहेरून एक जादा पापुद्रा असतो, त्याचे पंप वेगळ्या घडणीचे. शिवाय नॉरफ्लॉक्सासिनला दाद न देणाऱ्या ई. कोलायमध्ये बहुतेक वेळा औषध जिथे चिकटतं ती जागाच बदललेली असते. तिथे एकटा पंप बंद करून काय उपयोग? आणि काचेच्या बशीत जंतूभोवती जेवढं पायपरिन ठेवता येतं, तेवढं चमचाभर मिरीतून मूत्राशयापर्यंत पोचेल असं मानायला आधार नाही.

मिरी आपल्या शरीरावर मात्र नक्की परिणाम करते. पायपरिन जास्त प्रमाणात पोटात गेलं तर आतड्यातून आणि यकृतातून औषधं निकाली निघण्याचा वेग मंदावतो. फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल, थिओफायलिन यांची रक्तातली पातळी त्याने वाढल्याचं माणसांत दिसलेलं आहे. आमटीतल्या मिरीबद्दल बोलत नाहीये मी. ती खुशाल घाला. रोज दोन वेळा कडक काढा आणि शेजारी हृदयाच्या गोळ्या, हे डॉक्टरांना न सांगता करू नका.

ॲस्पिरिनचं तुम्ही सहज लिहिलंत, पण गोष्ट तिथेच उलटते. काही नैसर्गिक रेणू जंतूची बाजू घेतात. झाडं स्वतःच्या बचावासाठी सॅलिसिलिक आम्ल बनवतात. ॲस्पिरिनचं पोटात गेल्यावर तेच होतं. १९८५ साली रोझनर यांनी दाखवलं की सॅलिसिलेटमध्ये वाढवलेला ई. कोलाय क्लोरॅम्फेनिकॉलला आणि इतर काही अँटिबायोटिकना पुरून उरतो. सॅलिसिलेट जंतूमधल्या एका प्रथिनाचा लगाम सोडवतं. मग पंप वाढतात आणि औषध आत येण्याची दारं कमी होतात. सॅलिसिलेट काढून घेतलं की जंतू पुन्हा पहिल्यासारखा. पुढच्या पिढ्यांना वारसा नाही. प्रयोगातली मात्रा ७५ च्या गोळीतून रक्तात येते त्याच्या कितीतरी पट होती. तेव्हा हे वाचून ॲस्पिरिन बंद करायची नाही, बाई!

जंतू स्वतःही असे रेणू सोडतो. आमच्या लॅबमध्ये ई. कोलाय ओळखायला पेप्टोन वॉटरमध्ये (जंतूंचं पातळ खाद्य) वाढवून वर कोव्हॅक्स या रसायनाचे थेंब सोडायचे, की नळीच्या तोंडाशी लालचुटुक कडं उमटायचं. ते कडं म्हणजे इंडोल, जंतूने सोडलेला रेणू. आम्ही ‘पॉझिटिव्ह’ लिहून नळी बाजूला ठेवायचो. २०१० साली बॉस्टनमध्ये जेम्स कॉलिन्स यांच्या गटाला आढळलं की नॉरफ्लॉक्सासिनच्या माऱ्यात साधे जंतू इंडोल बनवणं थांबवतात, मूठभर प्रतिरोधक मात्र बनवत राहतात. ते इंडोल शेजाऱ्यांना पोचतं, त्यांचेही पंप सुरू होतात, अख्खी वस्ती तगते. योगायोग असा की औषध तेच, तुमच्या रिपोर्टवरचं.

करायचं काय? त्याच रिपोर्टवर ‘एस’ (जंतू ज्या औषधाला दाद देतो ते) कुठे कुठे आहे ते डॉक्टरांना दाखवा. वरचेवर होतंय म्हणजे साखर आणि सोनोग्राफीही बघायला हवी. काढ्यावर थांबून आठवडा घालवू नका. ताप थंडी वाजून आला किंवा कंबरेच्या वर दुखलं तर त्याच दिवशी जा.

प्रश्न : ६२५ मिलिग्रॅमच्या अँटिबायोटिकच्या गोळीत ५०० अमॉक्सिसिलिन, मग १२५ कसलं? – बी.एस्सी.चा विद्यार्थी, नांदेड

उत्तर : क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल. स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्ह्युलिजेरस हा मातीतला जिवाणू ते बनवतो. स्वतः फारसं मारत नाही. अमॉक्सिसिलिन फोडणाऱ्या बीटा-लॅक्टमेज या जंतूच्या एन्झाइमला अडकवून निकामी करतं. रेझिस्टन्स मोडणारा नैसर्गिक रेणू हवा असेल तर हा बघ, १९८१ पासून दुकानात आहे. एनडीएम-१ या बीटा-लॅक्टमेजच्या प्रकारापुढे मात्र तो चालत नाही. ते एन्झाइम जस्ताच्या जोरावर काम करतं, या सापळ्यात सापडत नाही. आणि गोळी पाकिटातून आधी काढून डबीत भरू नकोस, दमट हवेत ती खराब होते.